पऱ्हाटीचा धूर आणि युरियाची गोणी

मार्चमध्ये संध्याकाळी वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या आर्वी तालुक्यातल्या कुठल्याही पांदणीनं निघा, धुऱ्याधुऱ्यावर धूर दिसेल. कापसाची शेवटची वेचणी झाली, पऱ्हाटी उपटली, ढीग घातला, काडी लावली. वावर मोकळं. तोच शेतकरी जूनमध्ये कृषी केंद्रापुढे डीएपी खताच्या रांगेत उभा असतो आणि रांगेतली चर्चा काय, तर रासायनिक खतानं जमिनी नासल्या. मी त्या रांगेत उभा राहिलो आहे आणि पऱ्हाटीही जाळली आहे, तेव्हा हे काही दुसऱ्याकडे बोट दाखवून लिहीत नाही.

‘सेंद्रिय की रासायनिक’ हा वाद आपल्याकडे शंकरपटासारखा रंगतो. दोन जोड्या सुटल्या, आता एकच जिंकणार. पण पिकाला हा पट ठाऊक नाही आणि मातीला तर नाहीच. त्यांचा हिशोब निराळा आहे, आणि तो समजायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. बंडी, टोपलं आणि थोडी आकडेमोड पुरते.

झाड खातं काय?

झाड शेण खात नाही आणि युरियाही जवळपास खात नाही. मुळं पितात ते पाण्यात विरघळलेले क्षार. नत्र, म्हणजे नायट्रोजन, मुख्यतः दोनच रूपांत आत जातं, अमोनियम आणि नायट्रेट. युरिया ओल्या मातीत पडला की काही दिवसांत त्याचं अमोनियम होतं, मग जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. शेणखत पडलं तर तेच मातीतले जीव शेणातली प्रथिनं फोडून तेच अमोनियम आणि तेच नायट्रेट बनवतात, फक्त त्याला महिने लागतात, कधी वर्षं. मुळाच्या तोंडाशी आलेलं नायट्रेट गोठ्यातून आलं की कारखान्यातून, हे पऱ्हाटीला सांगता येणार नाही. म्हणून ‘युरियाचं नत्र विषारी, शेणाचं सात्त्विक’ हे ऐकलं की मी गप्प बसतो.

हवेत ७८ टक्के नत्रच आहे, पण झाडाला ते तसंच्या तसं वापरता येत नाही. १९०९ मध्ये फ्रिट्झ हाबर या जर्मन शास्त्रज्ञानं हवेतलं नत्र आणि हायड्रोजन यांच्यापासून अमोनिया करून दाखवला आणि १९१३ मध्ये त्याचा पहिला मोठा कारखाना जर्मनीत सुरू झाला. आजचा युरिया त्याच वाटेनं येतो. त्यासाठी प्रचंड दाब, उष्णता आणि नैसर्गिक वायू लागतो. तूर आणि सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम जिवाणू हेच काम बिनआवाजात, वावरातच करतात. कपाशीत तुरीचं तास धरायची आपल्याकडची रीत म्हणूनच नुसती डाळीपुरती नाही.

मग फरक कुठं आहे? प्रमाणात आहे, आणि सोबत काय येतं त्यात आहे.

युरियाची गोणी ४५ किलोची. त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे २०.७ किलो. बऱ्यापैकी कुजलेल्या शेणखतात नत्र अर्धा टक्का धरतात. गोणीइतकं नत्र शेणखतातून द्यायचं तर चार टनांहून थोडं अधिक खत लागतं. आमच्या बंडीत चार-पाच क्विंटल बसतं, म्हणजे आठ-दहा खेपा. एका गोणीसाठी! त्यातलंही सगळं नत्र पहिल्या वर्षी सुटत नाही. एक हिस्सा यंदा, बाकीचं पुढच्या हंगामांत. कोरडवाहू बीटी (जनुक बदललेल्या बियाण्याच्या) कपाशीला हेक्टरी ६० किलो नत्र, ३० किलो स्फुरद (फॉस्फरस) आणि ३० किलो पालाश (पोटॅश) अशी शिफारस असते. एकरी नत्र २४ किलो झालं. आता आपल्या कोठ्यात किती जनावरं आहेत ते मोजा. एका जनावराचं वर्षभराचं शेण, मूत, खाली पडलेलं कुटार असं सगळं धरून दोन-अडीच टन खत झालं तर पुष्कळ झालं. माझ्या आजोबांकडे दोन बैलजोड्या आणि गाई-वासरं होती. माझ्याकडे एक गाय आहे आणि नांगरटीला भाड्याचा ट्रॅक्टर येतो. आजोबा शेणखतावर शेती करायचे ते त्यांच्या तत्त्वामुळे नव्हे, कोठ्यामुळे. शिवाय तेव्हाची कपाशी एकरी जेवढा कापूस द्यायची, तेवढ्यावर आज कोणी समाधान मानणार नाही. बोंडातून जेवढं उचललं जातं तेवढं कुठून तरी भरावं लागतं.

श्रीलंकेनं २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपर्यंत निर्णय मागं घ्यावा लागला. सिक्कीम २०१६ मध्ये संपूर्ण सेंद्रिय राज्य म्हणून जाहीर झालं, पण तिथं आधीपासूनच रासायनिक खत फार कमी वापरलं जायचं आणि वळायला दहा-बारा वर्षं घेतली गेली. दोन्ही उदाहरणं वादात फेकून मारण्यासाठी वापरतात. मला त्यांतून कोठ्याचाच हिशोब दिसतो.

आता गोणीची दुसरी बाजू. आपली जमीन काळी, बहुतेक ठिकाणी विम्लधर्मी, सामू (पीएच) आठच्या आसपास. अशा जमिनीवर युरिया नुसता फेकला आणि ऊन पडलं, की त्यातला चांगला हिस्सा अमोनिया वायू होऊन उडून जातो. फेकल्यावर मोठा पाऊस आला तर नायट्रेट वाहून किंवा खाली झिरपून जातं. वावरात पाणी साचलं तर हवा नसलेल्या मातीतले जिवाणू तेच नत्र पुन्हा वायू करून आकाशात परत पाठवतात. दिलेल्या नत्रातलं निम्म्याहून कमी पिकाच्या पदरात पडतं. ढग पाहून पाऊस यायच्या आत युरिया फेकणारे आपण सगळे हा जुगार दर खरिपात खेळतो. डवऱ्याच्या आधी ओळीलगत पेरून मातीआड केला तर बराच वाचतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण मजूर मिळत नाही. स्फुरदाचं तर आणखीच वेगळं. चुनखडीच्या जमिनीत ते कॅल्शियमशी बांधलं जातं आणि मातीत असूनही मुळाला मिळत नाही.

आणि सोयाबीनवाल्यांसाठी एक जाताजाता: नत्र-स्फुरद देणाऱ्या डीएपीत गंधक नाही. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद १६ टक्केच, पण सोबत ११ टक्के गंधक येतं, आणि सोयाबीनसारख्या तेलबियाला ते हवंच असतं. डीएपी नाही मिळालं म्हणून हंगाम बुडाला असं होत नाही.

माती खाते काय?

गोणीतून नत्र, स्फुरद, पालाश येतं. कर्ब, म्हणजे कार्बन, येत नाही. (युरियात कर्ब असतो खरा, पण तो वायू होऊन निघून जातो.) शेणखताचं खरं मोल त्याच्या अर्ध्या टक्का नत्रात नाहीच, ते सेंद्रिय कर्बात आहे. मृदा आरोग्य पत्रिकेवर ‘सेंद्रिय कर्ब’ म्हणून जो आकडा असतो, तो सगळ्यात आधी बघा. ०.४ ते ०.६ टक्के म्हणजे मध्यम, त्याखाली कमी.

कर्ब म्हणजे मातीतल्या जिवांची भाकर. ते तो खातात, आणि खाता खाता एक चिकट द्रव सोडतात, त्यानं मातीचे कण एकमेकांना धरून रव्यासारखे होतात. आपल्या काळ्या मातीचा स्वभाव आपल्याला माहीत आहे: ओली असली की लोण्यासारखी चिकट, वाळली की हात जाईल एवढ्या भेगा. रवाळ झालेल्या काळ्या मातीत पाऊस वरून वाहून न जाता आत मुरतो, आणि ऑगस्टमध्ये पंधरा दिवसांचा खंड पडला की शेजाऱ्याची कपाशी दुपारी मान टाकते तेव्हा आपली दोन-चार दिवस जास्त तग धरते. कोरडवाहू शेतीत हे दोन-चार दिवसच कधी कधी सगळं पीक असतात.

पण हा कर्ब वाढवणं किती चेंगट काम आहे, तेही सांगायला हवं. एक एकराची वरची अर्धा फूट माती साधारण नऊ लाख किलो भरते. कर्ब ०.४ टक्क्यांवरून ०.५ वर न्यायचा म्हणजे त्या मातीत ९०० किलो कर्ब टिकवायचा. पाच टन शेणखतात पाणी निम्मं, उरलेल्यात मातीही असते. निव्वळ कर्ब सहा-सातशे किलो धरा. आणि त्यातला बराचसा आपल्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात जिवाणू खाऊन कर्बवायू म्हणून सोडून देतात. एका वर्षात ‘जमीन सुधारली’ असं कुणी सांगत असेल तर त्याचा आकडा विचारा.

म्हणून ‘युरियानं माती मरते’ हे अर्धं खरं आहे. युरिया मातीला मारत नाही, उपाशी ठेवतो. पीक गोणीवर आलं, म्हणून शेणखत थांबलं तरी चालेल असं आपल्याला वाटलं. जनावरं विकली, पऱ्हाटी जाळली, सोयाबीनचं कुटार जाळलं, उन्हाळवाहीला खोल नांगरट करून मातीतला होता तो कर्बही उन्हात उघडा टाकला. दोष गोणीचा किती आणि काडेपेटीचा किती, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

विरजण आणि दूध

अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांनी विकतच्या खता-औषधाशिवाय करायची झिरो बजेट नैसर्गिक शेती देशभर नेली, २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं जीवामृत आता गावागावात ठाऊक आहे: २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती. एका एकराला एवढं. यातलं सगळं नत्र काढून मोजलं तर जेमतेम पाव किलोच्या आसपास जाईल. एकरी २४ किलोच्या हिशोबात ते कुठेच नाही. पण पाळेकरांचंही म्हणणं असं आहे की जीवामृत हे खत नव्हेच, ते विरजण आहे. विरजणाला दूध लागतं, आणि ते दूध म्हणजे वावरातला काडीकचरा, आच्छादन. त्यांच्या पद्धतीत आच्छादनावर भर आहेच, पण आपण सोपं तेवढं उचलतो. पऱ्हाटी जाळून मग उघड्या जमिनीवर जीवामृत शिंपडणारे मी पाहिलेत. रिकाम्या गंजात विरजण घालून दही लागायची वाट बघण्यासारखं आहे ते.

दुसरा घोळ शब्दाचा. ‘रासायनिक’ म्हणताना आपण खत आणि फवारणी एकाच पोत्यात भरतो. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरिपात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला, ते कीटकनाशकांमुळे, युरियामुळे नव्हे. एखाद्याला फवारणी निम्म्यावर आणून गोणी चालू ठेवायची असेल तर ती सुरुवात मला पुरेशी वाटते. प्रमाणपत्रवाल्या सेंद्रिय मालाचं गणित आणखी वेगळं. हंगामी पिकांना दोन वर्षं, संत्र्यासारख्या फळबागेला तीन वर्षं रूपांतराचा काळ लागतो, त्या काळात उत्पन्न घटलं तरी भाव मात्र साधाच मिळतो. शिवाय सेंद्रिय कापसात बीटी बियाणं चालत नाही, आणि आपल्या बाजारात बिगर-बीटी बियाणं शोधायला बरंच फिरावं लागतं.

उकिरडा आणि टाकं

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं ती. आपण ज्याला शेणखत म्हणतो ते बहुतेक वेळा खत नसतं, वाळलेलं शेण असतं. कोठ्यामागं वर्षभर शेण टाकत जायचं, उन्हात ते वाळतं, पावसात त्याचा रस वाहून नालीत जातो, आणि मे महिन्यात उरलेलं बंडीत भरायचं. आम्ही एका वर्षी असलं अर्धकच्चं, कुटार मिसळलेलं खत मिरचीच्या वाफ्यात टाकलं. मिरची पिवळी पडली, तण दुप्पट झालं आणि मातीत हुमणीच्या अळ्या निघाल्या. शेणखतानं पीक पिवळं कसं पडतं, हे बाबांना काही केल्या पटेना.

कारण साधं आहे. कुजवणारे जिवाणू कर्ब खातात तेव्हा त्यांना स्वतःचं अंग वाढवायला नत्रही लागतं: कर्बाच्या २५-३० भागांमागे नत्राचा एक भाग. भाकरीसोबत वरण लागावं तसं. कुटारात, पऱ्हाटीत भाकर भरपूर, वरण नाममात्र. मग ते वरण कुठून आणतात? मातीतून, म्हणजे मिरचीच्या ताटातून. कुजणं वावराबाहेर, ढिगात उरकून घेतलं तर हे भांडण वावरात होत नाही. कंपोस्ट म्हणजे एवढंच.

ढिगाला चार गोष्टी लागतात: भाकर-वरणाचं प्रमाण, ओल, हवा आणि पुरेसा आकार. टोपलंभर कचरा तापत नाही. मोठा ढीग तापतो आणि आत ५५ ते ६५ अंश गेला की तणाचं बी आणि बरेचसे रोगजंतू मरतात. ढिगात लोखंडी सळाख खुपसून ठेवा, दहा मिनिटांनी ओढून हात लावा. चटका बसला तर काम चालू आहे. ओल किती? मूठभर उचलून दाबा, बोटांतून दोन-चार थेंब यावेत, धार नको. नाकही कामाला येतं. डोळ्यांत झोंबणारा अमोनियाचा वास आला तर शेण किंवा हिरवा पाला जास्त झाला आहे, तुमचं नत्र उडून चाललं आहे, कुटार मिसळा. सडक्या अंड्याचा वास आला तर आत हवा नाही, ढीग पालटा. आणि खत झालं की पहिल्या पावसाच्या मातीचा वास येतो. ही उपमा नाही बरं का. तो वास मातीतल्या एका जातीच्या जिवाणूंचा, आणि पिकलेल्या खतात तेच मुरलेले असतात.

ढीग पालटायला माणसं लागतात, यावर उपाय आपल्याच भागात निघाला. पुसदचे नारायण पांढरीपांडे, सगळ्यांचे नाडेपकाका. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरूनच ‘नाडेप’ टाकं. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, नऊ इंची विटांचं. भिंतींत मधूनमधून भोकं ठेवायची, म्हणजे हवा आपोआप खेळते आणि पालटायला लागत नाही. आधी भिंती आणि तळ शेणकाल्यानं सारवायचा. मग सहा इंच काडीकचरा, त्यावर सव्वाशे-दीडशे लिटर पाण्यात चार-पाच किलो शेण कालवून शिंपडायचं, वर ५०-६० किलो चाळलेली कोरडी माती. असे थर दहा-बारा, टाक्याच्या वर दीड फूट, झोपडीच्या पाख्यासारखा आकार. शेवटी तीन इंच माती घालून शेणानं लिंपायचं. पंधरा-वीस दिवसांत ते खाली बसतं, पुन्हा थर भरून पुन्हा लिंपायचं. तीन ते चार महिन्यांत सुमारे तीन टन खत निघतं. आणि यात शेण किती लागलं? सगळं मिळून ९०-१०० किलो. एका गाईचं दहा दिवसांचं. कोठा रिकामा झालेल्या गावात याच्याइतकं कामाचं दुसरं काही मला सापडलेलं नाही.

टाक्याची खोड एकच, पाणी. भरतानाच दीड-दोन हजार लिटर जातं, नंतर लिंपण तडकलं की शिंपडत राहावं लागतं. म्हणून आम्ही ते आता ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भरतो. सोयाबीनचं कुटार तेव्हाच निघतं, धुऱ्यावरचं तण हिरवं असतं, विहिरीला पाणी असतं. फेब्रुवारीत खत तयार. बांधावर गिरीपुष्प लावलं तर त्याच्या पाल्याचं वरणही फुकटात मिळतं. गांडूळखताच्या भानगडीत मी पडत नाही. ज्यांच्याकडे झाडाची दाट सावली आणि रोज पाणी शिंपडणारं माणूस आहे त्यांनी जरूर करावं, पण आमच्या मे महिन्यात गांडुळं जगवणं म्हणजे लहान लेकरू सांभाळण्यासारखं.

उरली पऱ्हाटी. एकरी जवळपास टनभर निघते आणि सगळ्यात जास्त जळते तीच. पहिल्या वर्षी मी ती तशीच अख्खी टाक्यात भरली. चार महिन्यांनी टाकं फोडलं तर कुटाराचं खत झालेलं, आणि पऱ्हाटीच्या काड्या जशा घातल्या तशा, धुवून काढल्यासारख्या. बाबा म्हणाले, “आता याच्यावर चाय तरी ठेव.” लाकूडच ते, सालीला फोडल्याशिवाय जिवाणूला आत शिरता येत नाही. श्रेडर यंत्र असेल तर प्रश्न मिटतो, भुग्यासोबत उरलेल्या बोंडांतली गुलाबी बोंडअळीही जाते. पण यंत्र भाड्यानं मिळेपर्यंत वखरणीची वेळ येते.

मग मला अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाची जुनी पद्धत सापडली. १९२४ ते १९३१ इंदूरला कपाशीवर काम करताना त्यांनी कचऱ्याचं खत करायची ‘इंदूर पद्धत’ बसवली. तिथंही पऱ्हाटी आणि तुराट्यांचाच पेच होता. त्यांचा तोडगा असा, की त्या शेतरस्त्यावर पसरून द्यायच्या, बैलगाड्यांच्या चाकांखाली चेचल्या गेल्या की मग ढिगात घालायच्या, तेही एकूण कचऱ्याच्या दहाव्या हिश्शाच्या आत. म्हणजे सगळी पऱ्हाटी यात खपणार नाही, पण धुऱ्यावरचा एखादा ढीग नक्की वाचतो.

गेल्या फेब्रुवारीत मी आमच्या वावरापुढच्या पांदणीवर वीसेक पावलं पऱ्हाटी अंथरली. रोज पाच-सहा ट्रॅक्टर तिथून जातात. पहिल्याच दिवशी शेजारच्या भाऊंनी ट्रॅक्टर थांबवला, खाली उतरले, “काऊन गा, रस्ता अडवला का?” मी सांगितलं काय करतोय ते. त्यांनी वाकून एक चेचलेली काडी उचलली, दोन्ही हातांनी पिळून पाहिली, साल सुटून आतला पांढरा धागा निघाला. “उद्या ट्रॉली भरून जातो,” म्हणाले, “वझं असलं म्हणजे बारीक होईल.”